नवा कर्नल सर्व्हरवर आधीच आलाय, अडलंय ते रिबूटपाशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका दादांनी आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं आहे. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मोंढ्याचे रोजचे भाव असं सगळं एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालतं. २ जीबी रॅम, उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. अपटाइम, म्हणजे मशीन न थांबता चालू असल्याचा काळ, ४१२ दिवस. दर महिन्याला न चुकता अपडेट करतात, तरी 'युनेम -आर' ही कमांड जुनाच कर्नल (सिस्टमचा गाभा) दाखवते आणि लॉगिन केलं की 'सिस्टम रिस्टार्ट रिक्वायर्ड' ही ओळ येते. मित्राने सांगितलं की सगळ्यात नवा कर्नल थेट उतरवून टाक. त्यांचं विचारणं असं: "कर्नल कसा बदलायचा, कोणता टाकायचा, आणि रिबूट केल्यावर सर्व्हर परत आलाच नाही तर? मी इथं परभणीत बसलोय, मशीन तिकडं. उठून बटण दाबायला जाता येत नाही. मोंढा रविवारी बंद असतो, तेवढाच एक दिवस मिळतो."

दादा, शेवटचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण खरा प्रश्न तोच आहे. लातूरचे क्लासेस, नांदेडच्या पतसंस्था, जालन्याचे बियाणेवाले अशांचे सर्व्हर मी अठरा वर्षं सांभाळतोय. या काळात कर्नलमुळे सर्व्हर अडकल्याचे प्रसंग माझ्या वाट्याला फार थोडे आले. रिबूटमुळे अडकल्याचे मात्र पुष्कळ आले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करूनच काम करायचं. (कमांडची नावं मी आपण फोनवर सांगतो तशी लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीसारखी इंग्रजीत टाका.)

तुमचं वर्णन वाचून मला जवळपास खात्री आहे की नवा कर्नल तुमच्या डिस्कवर येऊन पडलेला आहे. कर्नल ही नुसती फाइल असते, /बूट या फोल्डरमध्ये. मशीन चालू होताना ती एकदाच मेमरीत चढते आणि मशीन बंद होईपर्यंत तीच राहते. तुम्ही महिन्याला अपडेट करता तेव्हा एनजिनएक्स, पीएचपी असे वेबसाइट चालवणारे प्रोग्राम बदलतात, त्या-त्या सेवा पुन्हा चालू होतात आणि नवी आवृत्ती लगेच लागू होते. कर्नलचं तसं होत नाही. नवी फाइल शेजारी येऊन बसते आणि मेमरीत ४१२ दिवसांपूर्वीचाच कर्नल काम करत राहतो. 'एलएस -एल /बूट' करून बघा. 'व्हीएमलिनुझ' नावाच्या फाइली दिसतील, शेवटी ५.१५.० आणि त्यापुढे एक आकडा. तो पुढचा आकडा 'युनेम -आर'मधल्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर कर्नल आलेला आहे आणि फक्त रिबूटसाठी थांबलाय. /व्हार/रन मध्ये 'रिबूट-रिक्वायर्ड.पीकेजीएस' नावाची फाइल असते, ती उघडलीत तर कोणत्या पॅकेजांमुळे रिबूट हवाय तेही कळेल.

आकडा मोठा नसेल तर एक शक्यता राहते. तुम्ही 'ॲप्ट-गेट अपग्रेड' वापरत असाल. ती जुनी कमांड नवं पॅकेज बसवत नाही, असलेलंच वर नेते. कर्नलची प्रत्येक आवृत्ती मात्र नव्या नावाचं पॅकेज म्हणून येते, त्यामुळे ती 'केप्ट बॅक' म्हणून बाजूला ठेवली जाते. नुसतं 'ॲप्ट अपग्रेड' वापरलंत तर कर्नलही येतो. वर्षानुवर्षं चुकीची कमांड मारून 'आपण अपडेटेड आहोत' असं समजणारे मी बरेच पाहिलेत.

पुढे जाण्याआधी 'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही कमांड मारा. 'केव्हीएम' असं उत्तर आलं तर कर्नल तुमचा स्वतःचा आहे आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. 'ओपनव्हीझेड' किंवा 'एलएक्ससी' आलं तर तो कंटेनर आहे. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडांत मिळून एकच आड असायचा. पाणी सगळे भरायचे, पण आडावरची मोटर कोणती बसवायची ते वाड्याचा मालक ठरवायचा. कंटेनरचं तसंच असतं. कर्नल होस्ट मशीनचा, सगळ्यांत सामायिक. आतून तुम्ही कितीही कर्नल बसवा, चढणार नाही. अशा ठिकाणी 'युनेम -आर' मध्ये २.६.३२ सारखा जुनाट आकडा दिसला तर कंपनीला विचारण्यात वेळ घालवू नका, केव्हीएमवाला व्हीपीएस घ्या आणि तिकडे बिऱ्हाड हलवा. केव्हीएम म्हणजे आपल्या प्लॉटवर आपला बोअर. तो २००७ साली लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, २.६.२० या आवृत्तीत आला, आणि आज बहुतेक व्हीपीएस त्यावरच चालतात. यात एक पोटभेद आहे: काही कंपन्यांच्या पॅनलमध्ये कर्नल बाहेरून निवडायची सोय असते. तिथे 'ग्रब' (मशीन चालू होताना डिस्कवरचा कर्नल चढवणारा प्रोग्राम) हा पर्याय निवडलेला आहे ना ते बघून ठेवा, नाहीतर डिस्कवरचा कर्नल बदलूनही बाहेरचाच चढत राहील.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. तो मनावर घेऊ नका. उबुंटू २२.०४ मध्ये ५.१५ आहे म्हणजे तो जुना आणि असुरक्षित, हा समज चुकीचा आहे. उबुंटू, डेबियन, रेड हॅट हे सगळे एक आवृत्ती धरून ठेवतात आणि नव्या कर्नलमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून तिच्यात बसवतात. रेड हॅटने आपल्या सातव्या आवृत्तीत ३.१० हा कर्नल २०१४ पासून २०२४ पर्यंत दहा वर्षं असाच चालवला. म्हणून सुरुवातीचा ५.१५ पाहून काही ठरत नाही. त्यापुढचा वाढत जाणारा आकडा बघायचा असतो. २२.०४ ला नेहमीचा आधार २०२७ पर्यंत आहे, तोवर या कर्नलला दुरुस्त्या मिळत राहतील. मेनलाइनचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रकल्पाचा, कर्नल हाताने उतरवलात तर पुढची दुरुस्तीही हातानेच आणावी लागेल, आणि सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर ते तुमच्या लक्षात राहणार नाही. दुकानदारांचा हिशोब ज्या मशीनवर आहे तिथे मेनलाइन टाकू नये, हे माझं ठाम मत आहे.

काही जण बीबीआरसाठी (नेटवर डेटा किती वेगाने पाठवायचा ते ठरवणारी पद्धत) कर्नल बदलायला निघतात, कारण त्याने लांबच्या किंवा कमकुवत नेटवर वेग सुधारतो असं ऐकलेलं असतं. बीबीआर ४.९ पासून, म्हणजे २०१६ पासून कर्नलमध्येच आहे. तुमच्या ५.१५ मध्ये 'सिसकंट्रोल'च्या दोन ओळींनी तो सुरू होतो. वायरगार्ड या व्हीपीएनचंही तसंच, ५.६ पासून तो आत आहे. त्यासाठी कर्नल बदलायचं कारण नाही.

तुमच्या मनात येईल की मशीनवर मी एकटाच लॉगिन करतो, मग कर्नलमधल्या भोकाने मला काय होणार? याचं उत्तर नीट देतो, कारण याच विचाराने लोक चारशे दिवस काढतात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये 'डर्टी काऊ' नावाची चूक उघड झाली. ती कर्नलमध्ये २००७ पासून होती, तब्बल नऊ वर्षं. २०२२ च्या मार्चमध्ये 'डर्टी पाइप' आलं. ते शोधणारे मॅक्स केलरमन मुळात एका ग्राहकाची तक्रार तपासत होते. वेब सर्व्हरच्या लॉगच्या दाबलेल्या फाइली उघडताना चुका येत होत्या आणि कारण सापडत नव्हतं. खणत खणत ते कर्नलपर्यंत पोचले. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यात साधा युजरसुद्धा मजकूर घुसडू शकतो, असं निघालं. ही चूक ५.८ पासून होती आणि मूळ कर्नलमध्ये ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली.

आता हे तुमच्या मशीनवर लावून बघा. तुमच्या पीएचपीत एखादी फट राहिली, फोटो अपलोडच्या जागी कुणी दुसरीच फाइल चढवली. तो माणूस आत आला तरी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या हलक्या युजरच्या पायरीवर उभा असतो. वेबसाइटची नासधूस करू शकतो, पण मशीन त्याचं होत नाही. कर्नलमध्ये असं भोक असेल तर तो त्या पायरीवरून थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतो. मग डेटाबेस, बॅकअपच्या किल्ल्या, लॉग, सगळं त्याच्या हातात, आणि तो आला होता हे तुम्हाला कळणारही नाही. तुमच्याकडे शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती आहेत. म्हणून हे करायलाच हवं.

आता रिबूट. विहिरीतला गाळ काढायला उतरणारा माणूस आधी दोर कशाला बांधलाय ते ओढून बघतो, मग पाय टाकतो. इथे दोर म्हणजे कंपनीच्या पॅनलमधला कन्सोल. व्हीएनसी म्हणतात किंवा सिरियल कन्सोल. एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) मेलं तरी यातून मशीनचा पडदा दिसतो. आजच पॅनल उघडा, कन्सोल सुरू करा, त्यात लॉगिन करून दाखवा. नुसतं बटण दिसतंय यावर समाधान मानू नका. बहुतेकांचं इथेच अडतं. ते किल्लीने एसएसएच करतात, पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो, आणि कन्सोल तर पासवर्ड मागतो. तुमच्या युजरला आणि रूटला, दोघांनाही पासवर्ड द्या आणि कागदावर लिहून ठेवा. एसएसएचमध्ये पासवर्डने लॉगिन बंदच राहू द्या, तो वेगळा विषय आहे. पॅनलमध्ये 'रेस्क्यू मोड' कुठे आहे तेही पाहून ठेवा. त्यात मशीन दुसऱ्याच छोट्या लिनक्सवर चालू होतं आणि तुमची डिस्क शेजारी जोडलेली मिळते.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. २०१९ च्या जूनमध्ये लातूरच्या एका क्लासचा सर्व्हर मी रात्री अकराला रिबूट केला. दहावीचा निकाल लागून गेलेला, प्रवेशाचे फॉर्म चालू. वर्षभरात पहिलाच रिबूट. पिंग थांबलं आणि परत येईचना. दहा मिनिटांनी क्लासच्या मुलाचा फोन: "सर, साइट उघडंना गेलीय, काय करायलाव?" कन्सोल उघडला तर पडद्यावर लिहिलेलं: रूट अकाउंट लॉक्ड आहे, कन्सोल देता येत नाही. त्याच्या वरच्या ओळीत कारण होतं. आठ महिन्यांपूर्वी एक जादाची डिस्क आम्ही पॅनलमधून काढून टाकली होती, पण 'एफएसटॅब' या डिस्क जोडायच्या यादीतली तिची ओळ तशीच राहिली होती. चालू मशीनला त्या ओळीने काही फरक पडला नव्हता. रिबूटला मात्र सिस्टमडीने (सुरुवातीला सगळ्या सेवा उठवणारा प्रोग्राम) दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहिली आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेलं. तिथे रूटचा पासवर्ड लागतो, तो नव्हता. तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रेस्क्यू मोड लावून, डिस्क जोडून, ती एक ओळ खोडेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. कर्नल बिचारा पहिल्या मिनिटातच नीट चढला होता.

म्हणून रिबूटच्या आधी, दिवसाढवळ्या, मशीन चालू असताना हे बघून घ्या. 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' ही कमांड एफएसटॅबमधल्या चुका दाखवते. मूळ डिस्क सोडून बाकीच्या ओळींना 'नोफेल' लावा, म्हणजे ती डिस्क नसली तरी मशीन पुढे जाईल. 'एसएसएचडी -टी' आणि 'एनजिनएक्स -टी' मारा. चार महिन्यांपूर्वी कॉन्फिग बदलून सेवा रिस्टार्ट न करता सोडून दिली असेल, तर ती चूक रिबूटच्या दिवशी वर येते, आणि ती एसएसएचमध्ये असेल तर तुमचं दारच बंद. फायरवॉलचे नियम हाताने टाईप केले असतील तर ते रिबूटला पुसले जातात, ते साठवले आहेत का बघा.

मग 'एसएस -टीएलएनपी' मारून कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ती यादी एका फाइलमध्ये साठवा. या यादीतल्या प्रत्येक नावाला स्वतःला विचारा, हा रिबूटनंतर आपोआप उठेल का? माझा अनुभव असा की भाव गोळा करणारा एखादा छोटा प्रोग्राम कुणीतरी 'स्क्रीन'मध्ये, म्हणजे लॉगआउट केलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, सुरू करून सोडलेला असतो. चारशे दिवस तो बिनबोभाट चालतो आणि रिबूटनंतर नाहीसा होतो. सोमवारी सकाळी मोंढा उघडतो, भाव शनिवारचेच दिसतात. असं काही असेल तर त्याला सिस्टमडीची सेवा बनवा आणि 'एनेबल' करा. पीएम२ वापरत असाल तर 'स्टार्टअप' आणि 'सेव्ह' दोन्ही केलेलं हवं. डॉकर असेल तर रिस्टार्ट पॉलिसी तपासा.

जागा बघा. 'डीएफ -एच' मध्ये /बूट वेगळं दिसत असेल आणि ते भरत आलं असेल तर आधी तिकडे लक्ष द्या. कर्नल बसताना त्याच्यासोबत 'इनिटआरडी' नावाची फाइल तयार होते. मूळ डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. जागा संपली की कर्नलची फाइल येते पण इनिटआरडी अर्धवट राहते किंवा होतच नाही. मग रिबूटला कन्सोलवर 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' असा संदेश येऊन कर्नल पॅनिक होतो, म्हणजे तिथेच थांबतो. हा संदेश दिसला की दहापैकी नऊ वेळा मी इनिटआरडीच शोधायला जातो. जागा करायची तर 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' ने करा, तो चालू कर्नलला हात लावत नाही. /बूटमधल्या फाइली 'आरएम'ने उडवू नका. पॅकेजच्या नोंदी तशाच राहतात आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडखळत जातं. प्रत्येक व्हीएमलिनुझसमोर त्याच आकड्याचा इनिटआरडी आहे आणि त्याचा आकार इतरांइतकाच आहे, एवढं डोळ्यांनी पाहून घ्या.

आता माझी पद्धत सांगतो. मी दोन रिबूट करतो. पहिला जुन्याच कर्नलवर, दुसरा नव्यावर. लोक म्हणतात वेळ वाया जातो. पण पहिल्या रिबूटला मशीन नाही उठलं, तर कर्नलचा दोष नाही हे तुम्हाला लगेच कळतं. शोध एफएसटॅब, नेटवर्क, सेवा यांच्यापुरता उरतो. दोन्ही एकदम केलंत तर रात्रभर चुकीच्या जागी खणत बसाल.

जुन्या कर्नलवर मुद्दाम उठवायचं तर ग्रबला सांगावं लागतं. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट'ची किंमत 'सेव्ह्ड' करा, टाइमआउट दहा सेकंद ठेवा, आणि कर्नलला द्यायच्या ओळीत 'पॅनिक=१५' घाला. मग 'अपडेट-ग्रब'. एक खोच आहे. व्हीपीएसच्या तयार इमेजमध्ये शेजारच्या 'ग्रब.डी' फोल्डरात क्लाउडइमेजच्या नावाची एक छोटी फाइल असते. ती नंतर वाचली जाते आणि तुमच्या ओळींवर आपल्या ओळी चढवते. तिथेही बदल करावा लागतो, नाहीतर तुम्ही लिहिलेलं लागू झालं असं वाटतं आणि झालेलं नसतं. 'अपडेट-ग्रब'नंतर /बूट/ग्रबमधली तयार फाइल उघडून पॅनिक=१५ खरंच आलं का ते वाचा.

आता 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायमचा नेमा. मेनूत तो 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'च्या आत असतो, म्हणून नाव देताना आधी त्या उपमेनूचं नाव, मग 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, मग कर्नलचं पूर्ण नाव, असं एकाच अवतरणात लिहायचं. रिबूट करा. सगळं उठलं, यादी जुळली, की 'ग्रब-रिबूट' ही दुसरी कमांड नव्या कर्नलचं नाव देऊन मारा. ही फक्त पुढच्या एका वेळेपुरती असते. पुन्हा रिबूट. नवा कर्नल चढला तर उत्तम. पॅनिक झाला तर पंधरा सेकंदांनी मशीन स्वतःच रिबूट होईल आणि यावेळी कायमचा नेमलेला जुना कर्नल घेऊन उठेल. तुम्ही परभणीत चहा घेत असाल तरी मशीन स्वतःच्या पायांनी परत आलेलं असेल. इतकी चांगली सोय इतके कमी लोक वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन मर्यादा ध्यानात ठेवा. /बूट एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धती) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे 'एका वेळेपुरतं' हे विसरलं जात नाही आणि तोच कर्नल पुन्हा पुन्हा चढत राहतो. साध्या व्हीपीएसवर बहुधा तसं नसतं, तरी 'एलएसबीएलके'ने बघा. दुसरी मर्यादा, कर्नल नीट चढला पण नेटवर्क उठलं नाही तर पॅनिक होत नाही आणि मशीन मागेही फिरत नाही. त्यासाठीच तो कन्सोल आणि तो कागदावरचा पासवर्ड.

वेळ रविवारची ठीक आहे, पण रात्री नको. सकाळी सातला बसा. डोकं ताजं असतं, काही अडलं तर हाताशी अख्खा दिवस असतो. इन्व्हर्टर चार्ज आहे का, मोबाइलला डेटा आहे का ते आदल्या दिवशी बघा. अपडेट नेहमी 'टीमक्स'मध्ये चालवा. आपल्याकडे लाइट गेली की राउटर जातो, एसएसएच तुटतं, आणि पॅकेज अर्धवट बसलेलं राहतं. टीमक्समध्ये असेल तर नेट आल्यावर परत जोडून घेता येतं, काम तिकडे चालूच राहिलेलं असतं.

त्या सकाळी आधी डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची प्रत) काढा आणि तो व्हीपीएसच्या बाहेर, तुमच्या लॅपटॉपवर उतरवा. मग मायएसक्यूएल थांबवा आणि पॅनलमधून स्नॅपशॉट (अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्या. चालू डेटाबेसवर घेतलेला स्नॅपशॉट मधेच वीज गेल्यासारख्या अवस्थेतला असतो. थांबवून घेतलेला स्वच्छ असतो. स्नॅपशॉट त्याच कंपनीकडे राहतो म्हणून डम्प वेगळा हवाच. पतसंस्थांना मी हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी विचारतं की दोन-दोन कशाला. स्नॅपशॉटने मशीन परत येतं, डम्पने हिशोब परत येतो. आडतीत हिशोब गेला तर मशीन घेऊन काय करायचं.

कन्सोल आधीच एका खिडकीत उघडून ठेवा, दुसऱ्या खिडकीत पिंग लावा, मग 'रिबूट'. केव्हीएम मशीन साधारण मिनिटभरात परत येतं. फाइलसिस्टमची तपासणी निघाली तर थोडं जास्त लागेल. कन्सोलवर काही हलतंय तोवर पॅनलमधून जबरदस्तीने बंद करू नका, घाईत बंद केलेल्या मशीनची डिस्क खराब झालेली मी पाहिली आहे.

परत आल्यावर 'युनेम -आर'. मग 'सिस्टमसीटीएल --फेल्ड', इथे शून्य दिसायला हवं. 'जर्नलसीटीएल -बी -पी एरर' वाचून काढा. काही ओळी निरुपद्रवी असतात, पण डिस्क किंवा नेटवर्कचं नाव दिसलं तर थांबा. पोर्टची यादी पुन्हा काढून 'डिफ'ने जुन्या यादीशी ताडा. शेवटी ब्राउझर उघडून एक खरी पावती करून बघा, खोट्या नावाने का होईना, आणि मग खोडा. सेवा चालू असणं आणि पावती निघणं यात फरक आहे.

दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं की एक काम विसरू नका: ग्रब_डिफॉल्ट पुन्हा शून्य करून 'अपडेट-ग्रब' मारा. हे राहिलं तर पुढचे सगळे कर्नल येतील, पण दर रिबूटला तोच जुना नेमलेला चढेल, आणि वर्षभराने तुम्ही पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. पॅनिक=१५ मात्र राहू द्या.

लाइव्हपॅचबद्दल कुणी ना कुणी सांगेलच. ते खरं आहे. चालू कर्नलला न थांबवता ठिगळ लावायची सोय मूळ कर्नलमध्ये २०१५ साली ४.० मध्ये आली, आणि उबुंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट असून त्यात लाइव्हपॅच मिळतं. तुम्ही ते नक्की लावा. गंभीर चुका रविवारची वाट न पाहता बंद होतील. पण सगळ्याच दुरुस्त्या त्यातून येत नाहीत, आणि रिबूट त्याने टळत नाही, पुढे ढकलला जातो इतकंच. आपोआप रिबूटची सोय 'अनअटेंडेड-अपग्रेड्स'मध्ये आहे, मुळात ती बंद असते. तुमच्यासारख्या एकाच मशीनवर ती बंदच ठेवा. त्याऐवजी महिन्यातला एक रविवार ठरवून टाका. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन आणि जानेवारीत तूर यायला लागते, त्याच्या आधीच्या रविवारी न चुकता. होस्ट मशीनची देखभाल निघाली तर कंपनी तुम्हाला एक मेल टाकून तुमचा व्हीपीएस रिबूट करणारच आहे, तेव्हा तो मंगळवारी भर आवकेतही होऊ शकतो. दर महिन्याला उठून दाखवलेलं मशीन त्या दिवशीही उठेल.

तुमच्या मित्राकडे सेंटओएस ७ (हाही लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर त्याला एवढंच सांगा की त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तिथे कर्नल बदलून उपयोग नाही. नवं मशीन घेऊन सगळं तिकडे न्यायला लागेल.

या रविवारी फक्त तपासणी करा: कन्सोल, पासवर्ड, एफएसटॅब, पोर्टची यादी, /बूट. रिबूट पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात एफएसटॅबच्या ओळी आणि /बूटची यादी इथे टाका, मी बघून सांगतो.